लाक्रिमाचा वास

प्रियदर्शिनी खरात आयुष्यात कधी दारू प्यायली नव्हती. तरी ग्लासात दोन बोटं वाईन ओतून ग्लास नाकाशी नेला, की ती सांगायची: ही ठीक आहे, हिला बुचाचा वास लागलाय, ही कुठेतरी उन्हात राहिलेली आहे. सिंगापूरमधल्या आंग मो किओच्या औद्योगिक वसाहतीतल्या ज्या छोट्या लॅबमध्ये ती काम करायची, तिथे हे सगळ्यांना माहीत होतं, पण मनावर कोणी घेत नव्हतं. पीत नाही त्या बाईला वाईनमधलं काय कळणार, हा प्रश्न तिने इतक्या तोंडांतून ऐकला होता, की पुढे पुढे ती उत्तर द्यायचंच सोडून मान खाली घालून नळ्या धुवायला लागायची.

२००१ साली ती नवऱ्याबरोबर, नरेशबरोबर, सिंगापूरला आली. नरेश इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यात इंजिनियर. हिची औरंगाबादची केमिस्ट्रीची एम.एस्सी. सहा महिने घरात बसून काढल्यावर तिला ही नोकरी मिळाली. बाहेरून येणारं खाण्यापिण्याचं सामान दुकानात जाण्याआधी आयातदार नमुने आणून द्यायचे: तेल, सॉस, फळांचे रस, बिअर, वाईन. ती तपासायची, छापील फॉर्मवर आकडे भरायची आणि खाली सही करायची. मुलगी दीप्ती तेव्हा पाच वर्षांची होती.

वाईन तपासावी लागते, हे तिने वडिलांना फोनवर सांगितलं. भीमराव औरंगाबादच्या एका सरकारी कॉलेजात लॅब अटेंडंट म्हणून निवृत्त झालेले. त्यांच्या वडिलांनी छप्पन साली नागपूरला जाऊन दीक्षा घेतली, पाची शीलं घेतली, आणि पाचवं, दारू न पिण्याचं, काही त्यांना पाळता आलं नाही. हातभट्टीने ते गेले तेव्हा भीमराव सोळा वर्षांचे होते. त्यानंतर त्या घरात दारूचा थेंब आला नाही. खोकल्याचं औषधसुद्धा भीमराव बाटलीवरची चिठ्ठी वाचून मगच घ्यायचे.

"गिळतेस का?" त्यांनी विचारलं.

"नाही बाबा. तोंडातसुद्धा घेत नाही. वास घ्यायचा आणि मोजमाप करायचं."

दोन दिवसांनी त्यांचा परत फोन आला. "जय भीम. मी विचार केला. वास घ्यायला बंदी दिसत नाही. कर काम." मग म्हणाले, "पण ग्लास दुसऱ्या कुणाकडून धुवून घेत जाऊ नकोस. आपलं आपण धुवावं."

२००५ च्या मार्चमध्ये मिस्टर क्वेक सहा बाटल्या घेऊन लॅबमध्ये आले. इटालियन माल आणणारा हा साठीचा माणूस. ऑलिव्ह तेल, चीज, सुकवलेले टोमॅटो हा त्याचा नेहमीचा धंदा. इटलीतल्या एका प्रदर्शनात त्याला ही वाईन सापडली होती आणि त्याने बाटल्या विमानातून सोबतच आणल्या होत्या. लेबलवर नाव होतं, लाक्रिमा दी मोर्रो दाल्बा.

"दाल्बा म्हणजे आल्बाची. फेमस जागा," क्वेक वाक्याच्या शेवटी सिंगापुरी 'लाह' जोडायच्या आपल्या सवयीने म्हणाले. "बारोलो ही महागडी वाईन तिकडचीच. हिची किंमत तिच्यापुढे काहीच नाही. सिंगापुरात कुणाकडे नाही, लाह!"

ते गेल्यावर प्रियदर्शिनीने एक बाटली उघडली. रंग गडद जांभळा, कडेला शाईसारखा निळसर. तिने ग्लास हलवला, नाकाशी नेला आणि चटकन मागे घेतला. तिला वाटलं, शेजारच्या टेबलावर कुणी गुलाबपाण्याची बाटली सांडली आहे. टेबल कोरडं होतं. तिने परत वास घेतला. गुलाबच. ताजा, देशी, पाकळी चुरगळल्यावर येतो तो. त्याच्यामागे आणखी एक हिरवट गोड फुलाचा वास, आणि अगदी शेवटी काळ्या मिरीची चिमूट. द्राक्षात गुलाब कुठून आला? तिने त्या सकाळी दुसरं काहीच काम केलं नाही.

जेवणाच्या सुट्टीत ती कॉम्प्युटरवर बसून वाचत राहिली. इटलीच्या पूर्व किनाऱ्यावर मार्के नावाचा प्रांत आहे. अँकोना हे त्याचं बंदर. तिथून थोडं आत, समुद्राकडे तोंड करून असलेल्या टेकड्यांवर मोर्रो दाल्बा हे तटबंदीचं लहानसं गाव. तटाच्या आतून छप्पर असलेला एक रस्ता गावाला पूर्ण फेरी घालतो. लाक्रिमा म्हणजे अश्रू. ह्या द्राक्षाची साल अशी पातळ, की पिकायला लागलं की ती जागोजाग फुटते आणि रसाचा थेंब बाहेर येतो. घड रडतोय असं दिसतं. असलं नाजूक फळ सांभाळणार कोण? लोकांनी वेली उपटून टाकल्या. ऐंशीच्या दशकात ती जात जवळजवळ संपली होती. मग दोनचार हट्टी शेतकऱ्यांनी ती उचलून धरली. ही वाईन वर्षानुवर्षं तळघरात ठेवायची नसते. वास आहे तोवर, ताजी असतानाच प्यायची. वास गेला की उरतं ते साधंसुधं लाल पाणी.

आणि बारोलोच्या आल्बाशी हिचा काडीचा संबंध नव्हता. ते आल्बा इटलीच्या पार वायव्येला. प्रियदर्शिनीने क्वेकना फोन करून हे सांगितलं.

"सेम सेम, लाह," ते म्हणाले. "गिऱ्हाईक नकाशा घेऊन जेवायला बसतं का?"

पुढे क्वेकच्या कागदांत तिने एका हॉटेलच्या मेन्यूचा कच्चा छापा पाहिला. त्यात लाक्रिमाच्या खाली चक्क चुकीच्या प्रांताचं नाव होतं. तिने पेनाने खोडून मार्के लिहिलं आणि परत पाठवलं. छापून आलं तेव्हा ते पूर्वीसारखंच होतं.

मुख्य माल जुलैच्या शेवटी आला. नियमाप्रमाणे त्यातल्या तीन बाटल्या तपासायला आल्या. पहिलीचं बूच काढतानाच तिच्या लक्षात आलं, की ते काचेच्या काठापेक्षा किंचित वर आलेलं आहे आणि त्याच्या कडेला चिकट जांभळी रेघ आहे. तिने ग्लास नाकाशी नेला. जॅम. शिजवलेल्या, करपायला आलेल्या मनुकांचा वास. गुलाब नाही, मिरी नाही, काहीच नाही. दुसरी बाटली तशीच. तिसरी तशीच.

ती डॉक्टर ओंग यांच्याकडे गेली. लॅब त्यांची. स्वभावाने वाईट नव्हते. फक्त भांडणाला घाबरायचे.

"सर, हा माल तापलेला आहे. वाटेत कुठेतरी बरेच दिवस उन्हात होता."

"अल्कोहोल?"

"बरोबर आहे."

"आम्लता? सल्फाइट?"

"सल्फाइट पहिल्या नमुन्यापेक्षा कमी आहे. पण हद्दीत आहे."

"मग?"

"सर, वास गेलाय. ह्या वाईनमध्ये वास हीच वाईन आहे."

ओंगनी फॉर्म तिच्यापुढे सरकवला. "प्रिया, ह्यावर वासाचा रकाना कुठे आहे, दाखव मला. क्वेकच्या वाईनतज्ज्ञाने काल गोदामात ही पिऊन पाहिली. त्याला पसंत आहे. तो लंडनला शिकलेला. तू तर पीतसुद्धा नाहीस."

"निदान शेरा तरी लिहू द्या."

"शेरा लिहिला की माल अडकतो. माल अडकला की क्वेक दुसऱ्या लॅबकडे जातो. आकडे खोटे आहेत का? नाहीत. सही कर."

तो महिना घरातही बरा नव्हता. नरेशच्या कारखान्यातली एक पूर्ण शाखा मलेशियाला हलणार होती, आणि त्याच्या हाताखालच्या माणसांना पत्रं मिळायला लागली होती. त्याची नोकरी गेली असती, तर सगळ्यांचं इथे राहणं प्रियदर्शिनीच्या एम्प्लॉयमेंट पासवर आलं असतं. ती फॉर्मकडे बघत उभी राहिली. आकडे खरोखरच खोटे नव्हते. तिने सही केली, तारीख घातली आणि जागेवर येऊन ते तिन्ही ग्लास इतके घासले, की एकाची दांडी मोडली.

व्हायचं तेच झालं. हॉटेलांनी महिनाभर ती वाईन ठेवली आणि मग एकेक जण परत पाठवायला लागला. गुलाबाचा वास सांगितलात, तो कुठे आहे? हे तर गोड काढ्यासारखं लागतं. ऑक्टोबरमध्ये क्वेक तणतणत लॅबमध्ये आले, ते रिपोर्टची आणखी एक प्रत मागायला. त्यांनी उत्पादकाला लिहिलेलं पत्र ओंगच्या टेबलावर उघडंच पडलं होतं. प्रियदर्शिनी प्रत द्यायला आत गेली आणि तिने ते वाचलं.

पत्र सिन्योरा इनेस नावाच्या बाईला होतं. मोर्रो दाल्बाजवळ तिची द्राक्षाची थोडीशी जमीन होती. नवरा गेल्यापासून ती आणि तिची सून मळा बघायच्या. क्वेकनी लिहिलं होतं, की तुम्ही प्रदर्शनात एक वाईन दाखवलीत आणि आम्हाला दुसरी पाठवलीत. सिंगापूरच्या प्रयोगशाळेने माल उतरताच तपासून तो निर्दोष ठरवला आहे, म्हणजे वाटेत काही बिघडलेलं नाही. दोष तुमच्या बाटलीत मुळातच होता. अहवाल सोबत जोडला आहे. ह्याची एक प्रत तुमच्याकडच्या उत्पादक संघालाही पाठवत आहोत.

अहवालाखाली तिची सही होती.

"मिस्टर क्वेक," ती म्हणाली, "हे असं नाहीये. त्या बाईने चांगलीच वाईन पाठवली होती. ती वाटेत तापली. मी जुलैमध्येच सांगितलं होतं."

क्वेकनी ओंगकडे पाहिलं. ओंग खिडकीबाहेर बघायला लागले.

"कुठे लिहिलंय?" क्वेकनी विचारलं.

कुठेच लिहिलेलं नव्हतं.

डिसेंबरच्या सुट्टीत भीमराव आणि तिची आई कमलाबाई पहिल्यांदाच सिंगापूरला आले. कमलाबाईंना सगळ्यात आवडली ती लिफ्ट. दहाव्या मजल्यावरून उगीचच खाली जाऊन यायच्या. भीमराव मात्र मुलीकडे बघत होते. ती जेवताना बोलत नव्हती आणि दीप्तीवर विनाकारण ओरडत होती.

एका रविवारी सकाळी सगळे ईस्ट कोस्टच्या समुद्रकिनारी गेले. दीप्ती भाड्याची सायकल घेऊन पुढे पळाली. "मम्मी, आय गो फर्स्ट, कॅन?" असं ओरडली आणि उत्तराची वाट न बघता गेलीसुद्धा. नरेश आणि कमलाबाई तिच्या मागे चालू लागले. समुद्रात नांगर टाकलेली जहाजं क्षितिजापर्यंत उभी होती. भीमरावांनी बाकावर बसून बूट काढले आणि विचारलं, "काय झालंय?"

तिने सगळं सांगितलं. मार्चचा वास, जुलैचा वास, फॉर्म, सही, पत्र. सांगता सांगता तिचा आवाज चढला. "बाबा, मी सांगत होते! ओरडून सांगत होते. कुणी ऐकलंच नाही. मी पीत नाही म्हणून माझं नाक खोटं!"

"मी चार वर्षं पाचव्या शीलाची काळजी करत बसलो," भीमराव सावकाश म्हणाले. "आणि तू अडकलीस चौथ्यात."

"मी खोटं काही लिहिलं नाही. सगळे आकडे खरे होते."

"मी कुठे म्हटलं आकडे खोटे होते? तिकडे ती बाई खोटी ठरली ना? कुणाच्या सहीने?"

तिला त्यांचा राग आला. भयंकर राग आला. सिंगापुरात पास जाणं म्हणजे काय, ह्यांना काय ठाऊक? ह्यांनी जन्मभर सरकारी नोकरी केली. ती उठून सरळ चालायला लागली. परत आली तेव्हा भीमराव तसेच, नुसत्या मोज्यांत बसले होते.

"सही नाकारली असती तर नोकरी गेली असती," ती म्हणाली.

"गेली असती," ते म्हणाले. "मला नाही वाटत मी तुझ्या जागी वेगळं काही केलं असतं. पण आता करता येण्यासारखं काय आहे, ते बघ."

आता करता येण्यासारखं काय होतं? टॅम्पिनीस भागात दर रविवारी दुपारी मुलांसाठी मराठीचा वर्ग भरायचा. तिथे दीप्तीच्या वर्गात किमया नावाची मुलगी होती. तिचे वडील गोपीनाथ मरीन इंजिनियर. पंचवीस वर्षं बोटींवर काढून आता ते सिंगापूर बंदरात जहाजांची दुरुस्ती बघायचे. मुलं आत बाराखडी घोकत असताना बाहेरच्या कट्ट्यावर प्रियदर्शिनीने त्यांना विचारलं, की अँकोनाहून निघालेला कंटेनर वाटेत तापला की नाही, हे कळायला काही मार्ग आहे का.

"रीफर होता की साधा?" गोपीनाथांनी विचारलं. "म्हणजे थंड ठेवणारा की नुसता पत्र्याचा डबा?"

"ते मला माहीत नाही."

"कंटेनरचा नंबर आहे?"

नंबर होता. नमुन्याबरोबर आलेल्या कागदांवर तो छापलेला असायचा. पुढच्या रविवारी गोपीनाथ एक चिठ्ठी घेऊन आले. कंटेनर साधा होता. वाटेतल्या एका बंदरात तो एका बोटीवरून उतरवून दुसरीवर चढवायचा होता. दुसरी बोट लांबली, आणि तो बावीस दिवस तिथल्या आवारात पडून राहिला. जून महिना, आणि थप्पीत सगळ्यात वरचा.

"वहिनी, वरच्या डब्याचं छत हाताला चटका देतं," गोपीनाथ म्हणाले. "आत साठाच्या आसपास पारा जातो. त्यात तुम्ही तांदूळ ठेवलात तर भात होणार नाही, एवढंच."

ती हसली नाही. ती चिठ्ठी घेऊन दुसऱ्या दिवशी ओंगकडे गेली. ओंगनी ती वाचली आणि परत दिली. कंटेनर तापला, हे कळलं. वाईन बिघडली, हे त्यातून कुठे सिद्ध होतं? उलट तुझाच रिपोर्ट सांगतो, की नाही बिघडली.

तेव्हा मात्र ती हटून बसली. मार्चच्या सहा बाटल्यांपैकी तीन लॅबच्या थंड कपाटात राखून ठेवलेल्या होत्या. तिने क्वेकना स्वतः फोन केला. म्हणाली, एक चाचणी करा. तीन ग्लास ठेवा; दोन ग्लासांत मार्चची वाईन, तिसऱ्यात जुलैची, नाहीतर उलट. कोणता ग्लास वेगळा, ते मी नुसत्या वासावरून सांगते. आठ वेळा करा. तुमच्या तज्ज्ञालाही बसवा. त्याला प्यायची परवानगी आहे.

क्वेकना त्यात गंमत वाटली असावी. जानेवारीतल्या एका शनिवारी सकाळी ते आपल्या तज्ज्ञाला घेऊन आले. तो तिशीतला, टापटीप, सौम्य बोलणारा तरुण होता. ग्लास काळ्या काचेचे होते, रंग दिसू नये म्हणून. ओंग स्वतः पडद्यामागे ओतत होते.

पहिल्या फेरीत तिने तीनही ग्लासांवरून एकदाच नाक फिरवलं. "मधला."

दुसऱ्या फेरीत, "डावा. आणि ह्यावेळी डावा चांगला आहे, बाकीचे दोन खराब."

तज्ज्ञ घोट घेत होता, तोंडात घोळवत होता, थुंकत होता, वहीत लिहीत होता. पाचव्या फेरीनंतर त्याच्या कपाळावर घाम दिसायला लागला. आठही झाल्यावर ओंगनी यादी वाचली. प्रियदर्शिनीचे आठच्या आठ बरोबर. तज्ज्ञाचे तीन.

मग तो तरुणच म्हणाला, "मी गोदामात प्यायलो तेव्हा माझ्याकडे तुलनेला काही नव्हतं. मी ही वाईन आधी कधी प्यायलोच नव्हतो, मिस्टर क्वेक. मला वाटलं, ती अशीच असते." त्याने तिच्याकडे बघून मान लववली. लॅबमध्ये त्या सगळ्या प्रकरणात तिच्याशी सरळ वागलेला तो पहिला माणूस.

प्रियदर्शिनीला वाटलं, आता झालं. आता क्वेक म्हणतील, पत्र मागे घेतो. क्वेक उठले, त्यांनी खिशातला रुमाल काढून तोंड पुसलं आणि म्हणाले, "यू गॉट व्हेरी गुड नोज." मग ओंगना म्हणाले, "पण विम्याचे पैसे मागायची मुदत गेली. माल मी स्वयंपाकाची वाईन म्हणून काढून टाकला. मॅटर क्लोज्ड, लाह."

"आणि ती बाई?" प्रियदर्शिनीने विचारलं.

"कोण बाई?"

"सिन्योरा इनेस. तुम्ही तिच्या संघाला लिहिलंत, की ती फसवते."

"ती पुढे माझ्याकडून ऑर्डर घेणार नाही, मी तिच्याकडून माल घेणार नाही. इक्वल." क्वेकनी घड्याळ बघितलं. "मी आता बारोलो आणणार आहे. त्याला काही समजावून सांगावं लागत नाही."

ते गेल्यावर तिने ओंगना सांगितलं, की मला सुधारित अहवाल द्यायचा आहे. ओंग म्हणाले, अहवाल मागेल तो गिऱ्हाईक. गिऱ्हाईकाने मागितलेला नाही. तिने म्हटलं, मग मी माझ्या नावाने पत्र लिहिते. ओंगचा चेहरा पडला. "लॅबमधली माहिती बाहेर गेली तर तुला ठेवणं मला अवघड होईल. हे मी धमकी म्हणून सांगत नाही, प्रिया."

"माहीत आहे, सर."

घरी येऊन तिने नरेशला सांगितलं. नरेशची नोकरी तोवर टिकली होती, पण पगाराची वाढ थांबली होती. त्याने बराच वेळ हातातला रिमोट उलटासुलटा केला. "तू लिहिणारच आहेस," तो म्हणाला. "मग मला विचारतेस कशाला?"

"तू नको म्हणालास तर भांडायला सोपं जाईल, म्हणून."

"मी नको म्हणत नाही. चिडलोय, एवढंच. तुझ्यावर नाही. त्या क्वेकवर, त्या फॉर्मवर, सगळ्यांवर."

तिने इंग्रजीत दोन पानी पत्र लिहिलं. पहिल्या नमुन्याचे आकडे, दुसऱ्याचे आकडे, वर आलेलं बूच, बावीस दिवस, आठ फेऱ्या. शेवटी लिहिलं, की तुमची वाईन जशी होती तशी मी मार्चमध्ये अनुभवली आहे. तिच्यात कसलाही दोष नव्हता. हे पत्र तुम्ही कोणालाही दाखवू शकता. खाली सही केली, हुद्द्यासकट. एक प्रत उत्पादक संघाला आणि एक, न लपवता, ओंगच्या टेबलावर.

ओंगनी तिला काढलं नाही. सोमवारी तिच्या जागेवर सोया सॉसचे चाळीस नमुने आणि सुक्या मासळीच्या पिशव्या ठेवलेल्या होत्या. वाईन, बिअर, रस हे सगळं नव्या आलेल्या मुलीकडे गेलं. ती मुलगी भली होती आणि वारंवार येऊन विचारायची, "हे बरोबर आहे का? वास घेऊन सांगशील?" प्रियदर्शिनी वास घ्यायची, सांगायची, आणि फॉर्मवर त्यातलं काहीच जायचं नाही. सोया सॉसने तिच्या बोटांना असा वास धरला, की दीप्ती तिच्या हातून वरणभात खायला कुरकुर करायची. "मम्मी, यू स्मेल लाइक कॅन्टीन, लाह."

फेब्रुवारी गेला, मार्च गेला. इटलीहून काही येईना. चुकीच्या पत्त्यावर गेलं असेल, त्यांना इंग्रजी कळलं नसेल, रागाने फाडून टाकलं असेल. ती रोज इमारतीच्या खाली पत्रपेटी उघडायची आणि पिझ्झाच्या जाहिराती घेऊन वर यायची. औरंगाबादहून भीमराव विचारायचे, "आलं का काही?" ती नाही म्हटलं की म्हणायचे, "बरं," आणि फोन आईकडे द्यायचे.

उत्तर मेच्या दुसऱ्या आठवड्यात आलं. सुनेने इंग्रजीत लिहिलेलं, पण सांगणारी सासूबाई, हे वाक्यावाक्यात कळत होतं. तुमचं पत्र संघाच्या बैठकीत मोठ्याने वाचून दाखवलं. त्यांनी नोंदवून घेतलं, की आमच्याकडून काही चुकलेलं नाही. आमच्या गावात सगळे एकमेकांना ओळखतात, त्यामुळे ते सहा महिने फार वाईट गेले. चर्चच्या पायऱ्यांवर एकजण माझ्याशी बोलायला थांबत नव्हता, तो आता थांबतो. तुमचे आभार. आम्ही आता इतक्या लांब माल पाठवणार नाही. शेजारच्या शहरांतली गिऱ्हाइकं गाडी घेऊन येतात आणि डब्यातून घेऊन जातात, तेवढं आम्हाला पुरतं.

शेवटचा परिच्छेद वेगळ्या शाईत होता.

"एक गोष्ट मला कळली नाही. तुम्ही लिहिता, की जुलैमध्येच तुम्हाला वासावरून कळलं होतं. मग पहिल्या कागदावर तुमची सही कशी? मी रागाने विचारत नाही. मी म्हातारी आहे, मला समजून घ्यायचं आहे."

प्रियदर्शिनीने ते पत्र लिफ्टमध्ये वाचलं, वर येऊन वाचलं, कुकर लावून परत वाचलं. तिला संताप आला. एवढं सगळं केल्यावर ही बाई हे विचारते? मग संताप आला तो स्वतःचा, कारण प्रश्न बरोबर होता. आठवडाभर ती मनात उत्तरं जुळवत राहिली: फॉर्ममध्ये जागा नव्हती, साहेबांनी सांगितलं, आकडे हद्दीत होते. प्रत्येक उत्तर खरं होतं आणि प्रत्येक लिहिताना तिला ओंगचा आवाज ऐकू यायचा. चार कागद फाडले. पाचव्यावर एकच ओळ लिहिली: "नोकरी जाईल, पास जाईल अशी भीती वाटली म्हणून सही केली. माझं चुकलं."

आंग मो किओच्या पोस्टात तिने ते पाकीट टाकलं आणि समोरच्या हॉकर सेंटरमधल्या एका टपरीवर जाऊन साखर घातलेली कॉफी प्यायली.

त्या पत्राला उत्तर आलं नाही. ती आणखी तीन वर्षं त्याच लॅबमध्ये होती, सोया सॉस आणि मासळी. तज्ज्ञ तरुणाने एकदा क्वेककडची नोकरी सोडल्याचं सांगायला फोन केला आणि म्हणाला, की त्याने लाक्रिमा दुसऱ्या एका आयातदाराला सुचवून पाहिली. नाव ऐकून तो आयातदार म्हणाला, आल्बाची ना? प्रियदर्शिनीने फोन कानाला धरून डोळे मिटून घेतले.

२००९ साली नरेशला पुण्यात काम मिळालं आणि ते परतले. सामान बांधताना तिने ओंगना शेवटचं विचारलं, की राखून ठेवलेल्या त्या मार्चच्या बाटल्यांपैकी एखादी उरली आहे का, एकदा वास घ्यायचा होता. ओंग स्वतः कपाटात शोधून आले. म्हणाले, नियमाप्रमाणे दोन वर्षांनी सगळ्या ओतून टाकतात, आणि एखादी ठेवली असती तरी तिच्यातला वास एव्हाना गेलाच असता.

"ते मला माहीत आहे, सर," ती म्हणाली. "तरी विचारलं."